बावटा वर होता

केरू पाळदेचं काम ऐकून पाहुणेरावळे आधी हसायचे. सकाळी टेकडीवर जायचं, लाल बावटा काठीवर चढवायचा आणि दिवसभर त्याच्याखाली बसून राहायचं. "हे तर बुजगावण्याचं काम झालं," असं त्याचा एक मेव्हणा भर पंगतीत म्हणाला होता. केरूने तोंडातला लाडू सावकाश संपवला आणि म्हणाला, "बुजगावणं पीक राखतं, दाजी. मी माणसं राखतो." त्यावर मेव्हण्याने वाढप्याला मठ्ठा मागितला.

आणि खोटं नव्हतं ते. आंबेदरा गावाच्या मागे मोठा माळ पसरलेला होता आणि त्या माळावर लष्कराच्या तोफांचा सराव चालायचा. तोफा पलीकडच्या अंगाला, गावातून दिसायच्याही नाहीत. गोळे मात्र माळाच्या मधोमध येऊन पडायचे. ज्या दिवशी सराव, त्या दिवशी दिवस उगवायच्या आत केरूच्या टेकडीवर बावटा चढायचा. बावटा वर म्हणजे हद्दीच्या चरापलीकडे माणूस नाही, ढोर नाही, शेळी नाही. बावटा उतरला की रान मोकळं. एकोणीस वर्षं केरू रोजंदारीवर हे करत होता आणि एकोणीस वर्षांत त्याच्या बाजूला साधं करडूसुद्धा दगावलं नव्हतं. ह्याचा त्याला गर्व होता. का नसावा? बाकी गर्व करण्यासारखं त्याच्यापाशी फारसं काही नव्हतं.

राखण करायची तीही कोणापासून, तर गावाच्याच हावेपासून. गोळा फुटला की लोखंडाचे तुकडे रानभर उडतात. गोळ्याच्या बुडाशी तांब्याचं कडं असतं, त्याचेही तुकडे उडतात, आणि भंगारवाला तांबं बघितलं की डोळे मोठे करतो. त्यामुळे बावटा उतरला रे उतरला की निम्मं गाव पाट्या घेऊन माळावर पळायचं. खालच्या वाडीचा चंदर आणि त्याचे भाऊ सगळ्यांत पुढे. धट्टीकट्टी माणसं, बायाबापड्यांना ढकलून तांबं तेवढं वेचून न्यायची. बायकांच्या वाट्याला लोखंडाचा चुरा.

पण खरी भीती वेगळीच होती. एखादा गोळा पडतो आणि फुटतच नाही. त्याला गावात मुका म्हणत. मुका मातीत रुतून बसतो, वरून दिसत नाही, आणि कुदळीचा नाहीतर खुराचा धक्का लागला की मग बोलतो. त्यासाठी केरूने आपली एक रीत बसवली होती. लांबून तोफेचा बार ऐकू आला की डाव्या मांडीजवळ एक खडा ठेवायचा. गोळा माळावर फुटला की तोच खडा उचलून उजवीकडे. सराव संपल्यावर डावीकडे काही उरलं नाही, तर रान साफ. एखादा उरला, तर केरू जाऊन हवालदाराला सांगायचा. मग तुकडी यायची, मुका हुडकून उडवून द्यायची, आणि तोवर बावटा हलायचा नाही. केरूला लिहिता येत नव्हतं, पण त्याच्या खड्यांवर साहेबलोकांचासुद्धा विश्वास होता.

घरात बाईमाणूस म्हणजे त्याची थोरली बहीण, बयाबाई. केरूची बायको अमोलला तीन महिन्यांचा टाकून देवाघरी गेली, तेव्हा बयाबाईने त्याला पदराखाली घेतलं. त्यापायी तिचं स्वतःचं लग्न लांबलं. अमोल आठ वर्षांचा झाल्यावर कुठे तिला उजवली, तर सहा वर्षांत नवरा गेला. तीन वर्षांच्या निकिताला कडेवर घेऊन ती परत भावाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "केरू, चूल पेटवायला येते का रे अजून, का विसरलास?" रडणं नाही, गाऱ्हाणं नाही. पदर खोचला आणि भाकऱ्या थापायला बसली.

अमोल एकोणिसाव्या वर्षी भरती झाला, तोही तोफखान्यात. लहानपणापासून पाळण्यातल्या गाण्यासारखा तोफांचा आवाज ऐकलेला पोरगा, दुसरीकडे कशाला जाईल? नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिलला लढाई पेटली आणि त्याची पलटण वर गेली. पंधरा दिवस पत्र नाही. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर गाव गोळा व्हायचं. केरूला लोक खुर्ची द्यायचे, शूर पोराचा बाप म्हणून. बयाबाई काही त्या टीव्हीपुढे गेली नाही. "त्या खोक्यात माझा पोरगा दिसणार हाय का? मंग कशाला बघू?" म्हणायची.

त्याच दिवसांत शेजारच्या गावचा भिकन सुट्टीवर आला होता. तो अमोलच्याच पलटणीतला. आल्याला चार दिवस झाले नाहीत तोच त्याला तार आली, ताबडतोब हजर व्हा. शनिवारी पहाटेच्या गाडीने तो निघणार होता. हे कळल्यावर बयाबाई गुरुवारी संध्याकाळी केरूपुढे येऊन बसली.

"अमोलला कडं करून धाडायचं," ती म्हणाली. "तांब्याचं. भिकन घेऊन जाईल."

"दे की. नाशकातून मागवतो उद्या."

"दुकानातलं नको. गोळ्याचं पाहिजे."

आंबेदऱ्यात जुन्या बायकांची एक समजूत होती, की गोळ्याचं तांबं मनगटाला असलं तर गोळा माणसाला ओळखतो आणि वाट सोडतो. माळाच्या कडेला गुरं राखणाऱ्या पोरांच्या हातात असली कडी पूर्वी दिसायची. काट्याने काटा काढतात, त्यातलाच प्रकार. केरू हसला नाही. एरवी हसला असता. पण स्वतःचं पोर तोफांच्या तोंडी असलं की माणूस शहाणपण गुंडाळून ठेवतो.

"घरात तुकडा असंल की एखादा," तो म्हणाला.

"मुंगीएवढा नाय. चंदरला विचारलं, तर म्हणतो सगळा माल गेला मालेगावला." बयाबाईने आवाज खाली आणला. "उद्या सराव हाय ना? मला सगळ्यांच्या आधी जाऊ दे. एक तुकडा वेचते अन् माघारी येते. तांबट म्हणला, संध्याकाळपातूर आणलं तर रातच्याला घडवून देतो."

"सगळ्यांच्या आधी कसं? बावटा उतरला की समदे एकदमच पळत्यात."

बयाबाईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. लहानपणी आईचा मार चुकवायला ती त्याच्यासाठी खोटं बोलायची, तेव्हा असंच बघायची. केरू "बघू" म्हणाला. आपल्याकडे बघू म्हणजे काय, ते बहिणीला कळतंच.

शुक्रवारी सराव सकाळी सुरू झाला आणि बाराच्या सुमाराला थांबला. बयाबाई अकरापासूनच टेकडीवर येऊन बसली होती. भाकरी आणायचं निमित्त. कमरेला खुरपं खोचलेलं केरूने पाहिलं होतं. ती अमोलबद्दल बोलत राहिली: पहिलीत असताना बाईंना कसा चावला होता, गोवरात कसा सुकला होता. केरू अर्धा तिच्याकडे, अर्धा खड्यांकडे. बार थांबले आणि त्याने खाली बघितलं, तर डावीकडे एक खडा उरला होता.

एकोणीस वर्षांत असं सात-आठ वेळा झालं होतं. दर वेळी तो ताडकन उठून हवालदाराकडे गेला होता. ह्या वेळी तो खड्याकडे बघत बसला. समोरच्या कड्यावर आवाज घुमतो, एका बाराचे कधी दोन ऐकू येतात. आपलं लक्ष अक्काच्या बोलण्यात होतं, तेव्हाच एक खडा जास्तीचा पडला असणार. आणि मुका आहे म्हणून सांगितलं, तर तुकडी येणार कधी? संध्याकाळी, नाहीतर उद्या. मग चंदर येणार, रान झाडून नेणार, भिकन पहाटे निघून जाणार आणि अमोलचं मनगट रिकामं राहणार. मनाला जे पाहिजे असतं, ते मन बरोबर शोधून काढतं.

"आज मुका पडला का रे एखादा?" बयाबाईने विचारलं.

"नाय," केरू म्हणाला आणि तो खडा पायाने बाजूला सारला.

"मंग जाऊ?"

"जा. बावटा मी वरच ठेवतो, म्हणजी दुसरं कोणी शिरायचं नाय. तुकडा घावला की फीर माघारी."

ती उतारावरून झपझप खाली गेली. पन्नाशीला आलेली बाई, पण चाल पोरीसारखी होती. चर ओलांडताना तिने लुगडं सावरलं. केरू तिच्याकडे बघत राहिला आणि त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आयुष्यभर तिनेच त्याच्यासाठी केलं होतं, आज पहिल्यांदा तो तिच्यासाठी काही करत होता, आणि पोरासाठीही.

अर्ध्या तासाने माळावर आवाज झाला. आधी तोफेचा बार नाही, काही नाही. नुसता फुटल्याचा. केरूला कोणी काही सांगायची गरज नव्हती. त्याच्या डोक्यात पहिला विचार कोणता आला असेल? की आता खडे जुळले. ह्या विचाराबद्दल त्याने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तंबूत साहेबांपुढे जबाब झाला. साहेब तरुण होते, चांगले होते, मोडकंतोडकं मराठी बोलायचे. त्यांनी केरूला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बावटा वर होता?"

"होता साहेब."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ."

"तरी ती आत गेली?"

केरूने तोंड उघडलं. बोलायचं हेच, आत्ताच, हे त्याला कळत होतं. पण बोललं तर काय होईल तेही कळत होतं. नोकरी जाईल, ती गेली तर जाऊ दे. पण अमोल? पोरगा तिकडे बर्फात तोफ ओढतोय, आणि इकडे त्याच्या बापाने मनाईच्या रानात माणूस सोडून मारलं, अशी नोंद झाली तर? त्या पोराच्या नावाला बट्टा लागला तर? केरूचा बचाव हा असा तयारच होता. तो कुणी त्याला शिकवला नव्हता.

"गेली," तो म्हणाला.

"तुम्ही बघितलं नाही?"

"मी वर होतो साहेब. बावट्यापाशी."

ह्यातला एक शब्द खोटा होता का सांगा. एकही नव्हता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सख्खी बहीण गेली तरी तुम्ही बावटा सोडला नाही, तुमची काही चूक नाही. मग कारकुनाने लिहिलं, की मयत बयाबाई ही धोक्याचा बावटा वर असताना भंगार वेचण्यासाठी मनाई असलेल्या हद्दीत चोरून शिरली. केरूने खाली अंगठा दिला. असल्या मरणाला सरकार काही देत नाही. निकिताला काही मिळालं नाही. चंदरने मात्र तेराव्याला यायचं केलं, आणि पत्रावळीवर बसून म्हणाला, "तांब्यापायी जीव घालवला बाईने. आम्ही नाय कधी बावटा वर असताना पाय टाकला." लोकांनी माना हलवल्या. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि शेतालाच लोक नावं ठेवत होते.

अमोल वाचला. कसलंही कडं नसताना वाचला. सप्टेंबरात तो सुट्टीवर आला, तर गावाने वेशीपासून त्याची मिरवणूक काढली. लेझीम, ताशा, गुलाल, शाळेच्या पोरी ओवाळायला. घरी आल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली आणि चुलीकडे बघितलं. चुलीपुढे अकरा वर्षांची निकिता बसून फुंकत होती.

"नाना, तिकडं माझ्या बाजूची दोन पोरं गेली," तो म्हणाला. "त्यांच्या आयांना काय तरी सांगता येतं. मी आत्याचं काय सांगू लोकांना? पलटणीत विचारत्यात, कशानं गेली. मी सांगतो, ताप आला." "बावटा वर असताना. तुमचा बावटा वर असताना, नाना. तिला एवढं पण कळू नये?"

केरूने ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. कोपऱ्यातून निकिता ऐकत होती. तिने फुंकणी खाली ठेवली नाही.

आई गेली तेव्हा ती पोर रडली होती, नाही असं नाही. पण मग शाळेत पोरं तिला भंगारवाली म्हणायला लागली आणि तिचं रडणं हळूहळू बंद पडलं. एकदा तिने केरूला सरळ विचारलं, "मामा, माझी आई चोर होती?" केरू म्हणाला, "असं बोलू नये, बाळ." आणि दुसऱ्या दिवशी तिला नवी सायकल आणली. पोरीने सायकल घेतली, पण तिला उत्तर मिळालं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी केरू कायम झाला. बावट्यावरून काढून त्याला गोदामात शिपाई केला. त्याने नाशकाच्या इंदिरानगरात दोन खोल्या घेतल्या, निकिताला शहरातल्या चांगल्या शाळेत घातलं, तिचे केस विंचरले, तिच्या दप्तराला चेन बसवून आणली, बारावीला पास झाली तेव्हा सगळ्या चाळीत पेढे वाटले. बापाने काय केलं असतं तेवढं मामाने केलं. शेजारची शकुबाई म्हणायची, असा मामा देव सगळ्यांना देवो. केरू ऐकायचा आणि नळावर जाऊन उगाच बादली भरायचा. पोरीला त्याने सगळं दिलं, एक वाक्य सोडून. ते आज सांगू, उद्या सांगू करता करता आठ वर्षं गेली. दिवस जेवढे जास्त गेले, तेवढं ते वाक्य जड होत गेलं. आधी म्हणायचा, अमोलची लढाई संपू दे. मग म्हणायला लागला, पोरीची दहावी होऊ दे. मग बारावी.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत निकिताला बघायला पाहुणे आले. निफाडकडचे, द्राक्षबाग असलेले, मुलगा बागेतच राबणारा आणि निर्व्यसनी. अमोल सुट्टी टाकून आला होता. मुलाची आई वत्सलाबाई मोकळ्या स्वभावाची होती, पोहे खाता खाता तिने विचारलं, "पोरीची आई कशानं गेली म्हणायची?"

अमोल म्हणाला, "आजारानं."

"नाही," निकिता म्हणाली. तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, लाज नव्हती, काहीच नव्हतं. "लष्कराच्या रानात भंगार चोरायला गेली होती. लाल बावटा वर असताना. गोळा फुटला. नंतर दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. मी तिच्यासारखी नाही, एवढंच माझं म्हणणं आहे."

अमोल फरशीकडे बघत होता. आणि केरूला त्या क्षणी असं वाटलं, की बयाबाई आत्ता मेली. माळावर मेली नव्हती, कागदावर मेली नव्हती. इथे, स्वतःच्या पोटच्या पोरीच्या तोंडून मेली, आणि मारणारा आपण.

"मी धाडलं तिला," तो म्हणाला.

कोणाला कळलंच नाही. वत्सलाबाई म्हणाली, "काय म्हणालात?"

"बावटा वर होता, कारण मी तो वर ठेवला. दुसऱ्या कोणी शिरू नये आणि तिला निवांत वेचता यावं म्हणून. चोरून नाय शिरली ती. मी जा म्हणालो." केरू उभा राहिला होता, बसून बोलणं त्याला जमेना. "भंगार विकायला नाय गेली. अमोलला कडं करायचं होतं तिला, गोळ्याच्या तांब्याचं. त्याला तिकडं गोळा लागू नये म्हणून. तिनं मला विचारलं, आज मुका पडला का. माझ्याकडं एक खडा उरला होता. मला ठाऊक होतं. मी नाय म्हणालो."

अमोल उठला आणि भिंतीला टेकला. लढाईतून आलेला माणूस. त्याचे दोन्ही हात छातीशी आवळलेले होते. "माझ्यासाठी?" तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "माझ्यासाठी गेली ती? आणि मी लोकांना तिचं नाव सांगायला लाजत होतो?"

निकिता केरूकडे बघत होती. आठ वर्षांत तिने त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"जाताना काय म्हणाली?" तिने विचारलं.

"म्हणाली, निकी शाळेतून येईल, तिला आमटी तिखट लागते, गूळ दे तोंडाला. मी येतेच म्हणाली."

निकिताच्या तोंडातून जो आवाज आला, तो एकोणीस वर्षांच्या मुलीचा नव्हता. अकरा वर्षांच्या पोरीचा होता. ती आत पळाली. केरू तिच्यामागे गेला, तर तिने दार लावून घेतलं. त्याने दारावर हात ठेवला, आतून ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ." मग वत्सलाबाई उठली, पदराने हात पुसले, दारावर हलकेच टकटक केलं, आणि तिच्यासाठी दार उघडलं. परक्या गावची, तासाभराच्या ओळखीची बाई आत गेली. सख्खा मामा बाहेर उभा राहिला.

सोमवारी केरू कचेरीत गेला. नवा जबाब द्यायचा आहे म्हणाला. तिथला कारकून पंचविशीतला होता, त्याने जुन्या कपाटात बघितलं, मोठ्या साहेबांना फोन लावला आणि परत येऊन म्हणाला, "बाबा, ती फाईल कधीच बंद झालीय. तेव्हाचे साहेब कुठल्या कुठे गेले. आता कशाला उकरून काढता? तुमची पेन्शन जवळ आलीय." केरू म्हणाला, शिक्षा झाली तरी चालेल. कारकुनाला त्याची कीव आली असावी. त्याने त्याच्यासाठी चहा मागवला. माणूस शिक्षा मागायला गेला आणि चहा पिऊन आला.

लग्न जमलं. पाहुण्यांनी नकार दिला नाही, उलट पत्रिकेत बयाबाईचं नाव ठळक छापा म्हणून वत्सलाबाईनेच सांगितलं. मे महिन्यात निफाडला कार्यालय घेतलं. घरात कामाची धांदल सुरू झाली आणि केरूला वाटलं, झालं, पोर आता निवळेल. ती बोलत होती, जेवायला वाढत होती, त्याच्या पायाला सूज आली तेव्हा गरम पाणीसुद्धा आणून दिलं.

हळदीच्या दिवशी दुपारी ती त्याच्याजवळ येऊन बसली. हाताला हळद, कपाळाला हळद. आता आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे: मुलीला मांडवात मामा आणतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत मामाच तिच्या पाठीशी उभा राहतो. केरूने त्यासाठी पांढरं धोतर आणि गुलाबी फेटा आणून ठेवला होता.

"मामा, तुम्ही मला वाढवलंत," निकिता म्हणाली. "ते मी कधी नाकारणार नाही. तुम्ही आजारी पडलात तर मी येईन. पण उद्या माझ्या पाठीशी उभे राहू नका."

केरूने शेजारच्या फेट्याची घडी सरळ केली.

"पाठीशी आपलं माणूस आहे म्हटलं की मागे वळून बघावं लागत नाही," ती म्हणाली. "मला बघावं लागेल." मग तिचे डोळे भरले आणि ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताच्या वेळी गुरुजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." थोड्या वेळाने परत पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारायच्या आत निकिता एकटीच चालत आली. हिरवा शालू, हातात नारळ, मान खाली नाही. नवऱ्या मुलाच्या मागे त्याचा मामा फेटा बांधून उभा होता. तिच्या मागे मोकळी जागा होती. अमोल कडेला उभा होता. त्याने तिकडे एक पाऊल टाकलं, निकिताने त्याच्याकडे बघून मान हलवली, आणि तो थांबला.

केरू तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, साधी पांढरी टोपी घालून, मुठीत अक्षता. शेजारी मुलाकडचा कुणीतरी म्हातारा होता, निफाडच्या बाजूचा, बोलका. त्याने मान उंच करून बघितलं आणि केरूच्या कानाशी लागून विचारलं, "काय हो, मुलीला मामा नाय का?"

"होता," केरू म्हणाला.

"मग? वारला काय?"

सनईवाल्यांनी सूर धरला, गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. केरूने मुठीतल्या अक्षता समोर टाकल्या. त्या तिच्यापर्यंत पोचल्या नाहीत.

"राखायचं काम होतं त्याचं," तो म्हाताऱ्याला म्हणाला, "पण त्यानं केलं नाय."